बाइकवरची जुनी मजा आज कशी मिळवायची

आधी रोड मोकळे होते, यामाहाची जुनी आरएक्स१०० होती, ती मजा आता राहिली नाही असं बरेच जण म्हणतात. रोड मोकळे होते हे खरंच आहे, पण आरएक्स१०० ला पुढे-मागे दोन्हीकडे ड्रम ब्रेक, पावसात घाट उतरताना जीव मुठीत यायचा, तिच्या टू-स्ट्रोक इंजिनला इंजिन ब्रेकिंग (अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर इंजिननेच गाडी हळू होणं) पण फार नसायचं. त्यामुळे मला वाटतं मजा गाडीपेक्षा रिकाम्या रस्त्यात जास्त होती, आणि तो अजून मिळतो, फक्त वेळ साधायला लागते.

पुण्यातून ताम्हिणीला जायचं तर रविवार सोडा, मधल्या वारी पहाटे पाचला निघा म्हणजे मुळशीपर्यंत उजाडतं आणि रस्त्यावर फक्त दुधाच्या गाड्या. मुंबईला जायचं असेल तर एक्सप्रेसवेवर टू-व्हीलरला बंदीच आहे, जुन्या हायवेने खंडाळा घाट उतरा.

आदल्या रात्री टायर थंड असतानाच हवा चेक करा, चेन खालून बोटाने वर ढकलून बघा, साधारण दोन-तीन सेंटीमीटर हलली पाहिजे, तरी मॅन्युअलमधला आकडा बघाच.

घाट ज्या गिअरमध्ये चढाल साधारण त्याच गिअरमध्ये उतरा, क्लच दाबून गाडी सोडू नका प्लीज. आणि फोन हँडलवर नको, बॅगेत टाका, चहाला थांबलात की बघा.