रांगोळीत चमकी वापरताय? आधी या चुका टाळा

दिवाळी आली की दरवर्षी तेच. चमकीची पुडी आणायची, थेट रंगाच्या डब्यात ओतायची आणि ढवळून मोकळं व्हायचं. नका हो करू असं!

चमकी म्हणजे प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर अॅल्युमिनियमचा थर देऊन कापलेले चपटे तुकडे, बहुतेक षटकोनी. ते सपाट पडले आणि त्यांच्यावर उजेड आला तरच चमकतात. रंगात कालवले की निम्मे खाली गाडले जातात, उरलेल्यांवर रंगाची भुकटी बसते, म्हणजे चमक तर जातेच, वर रंगही फिका पडतो.

मागच्या दिवाळीत आमच्या सोसायटीत दोन कॉलेजच्या मुली मोर काढत होत्या. रेघ इतकी सुरेख की मी कौतुकाने उभीच राहिले. मग त्यांनी मानेसाठी निळ्या रंगात अख्खी पुडी चंदेरी चमकी मिसळली आणि पाच मिनिटांत मान सिमेंटच्या रंगाची! एक तर रडायलाच आली. स्पर्धेचं परीक्षण तासाभरावर होतं. मी म्हटलं थांब गं, पुसू नकोस सगळं. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याने फक्त मानेतला रंग अलगद उचलला, खाली काळपट जांभळा चाळणीने अगदी पातळ पसरला, त्यावर साधा गडद निळा आणि सगळ्यात शेवटी चिमटीने थोडीशी चमकी, तीही मानेच्या एकाच बाजूला. मोर उठून दिसायला लागला.

खऱ्या मोराचंही असंच आहे बरं का. त्याच्या पिसात निळा रंग नसतोच, असतं ते मेलॅनिन नावाचं काळपट रंगद्रव्य, त्याच्या अतिसूक्ष्म कांड्या अशा रचलेल्या असतात की ठरावीक रंगाचाच उजेड परततो, आणि खालच्या काळोखामुळे तो निळा इतका झळकतो. म्हणून माझी सवय एकच, चमकी हवी तिथे आधी गडद रंग भरायचा. पांढऱ्या किंवा पिवळ्यावर चमकी टाकून काहीच दिसत नाही, पुडी मात्र संपते.

बाकीच्या चुका पटापट सांगते. ओल्या फरशीवर रांगोळी काढू नका, रंग पसरतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली रंग पसंत करू नका, पणतीच्या पिवळ्या उजेडात तो वेगळाच दिसतो. चमकीवर पणती ठेवू नका, प्लास्टिक आहे ते, वितळतं. पुडीवर ‘नॉन टॉक्सिक’ लिहिलंय म्हणून तीच चमकी मोदकावर किंवा केकवर टाकू नका, विषारी नाही म्हणजे खाण्याजोगी असं होत नाही. आणि डोळ्यांभोवती तर अजिबात नको, कडा बुबुळाला ओरखडतात.

शेवटची चूक मला सगळ्यात जास्त खटकते, सकाळी पाइप लावून सगळं गटारात धुऊन टाकायचं. हे बारीक प्लास्टिक परत गोळा होत नाही, युरोपियन युनियनने तर ऑक्टोबर 2023 पासून सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर बंदी आणलीय. मी आधी कोरड्या ब्रशने रंग झाडून उचलून घेते, मग घट्ट कणकेचा गोळा फरशीवर दाबत फिरवते, उरलेली चमकी त्याला चिकटते, आणि तो गोळा कागदात बांधून सुक्या कचऱ्यात. गाईला घालू नका तो!