नाशिकच्या वायनऱ्यांसाठी एक दिवस: दोनच बघा, पण निवांत

पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही एका दिवसात चार वायनऱ्या गाठल्या होत्या. तिसरीनंतरचं फारसं आठवत नाही. चौथीत जाऊन आलो हे दुसऱ्या दिवशी खिशात सापडलेल्या बिलावरून कळलं. तेव्हापासून घरी आलेल्या पाहुण्यांना घेऊन जाताना माझा हिशोब ठरलेला आहे: सकाळी एक, संध्याकाळी एक आणि मधे दोन तासांचं जेवण.

आधी ड्रायव्हर, मग वायनरी

वाईन टेस्टिंगमध्ये एका वेळी साधारण 30 मिली ओततात. घोटभरच वाटते. पण असे पाच-सहा घोट झाले की जेवणाच्या टेबलावर मिळतो तेवढा एक अख्खा ग्लास पोटात गेलेला असतो आणि त्यात 12 ते 14 टक्के अल्कोहोल असतं. दोन वायनऱ्या म्हणजे दोन ग्लास, जेवताना आणखी एक. कायद्याने 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा, आणि पहिल्याच वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणून गाडी चालवणारा न पिणाराच हवा. 'मी थोडीच घेईन' म्हणणारा चालणार नाही. असा कुणी नसेल तर दिवसभरासाठी ड्रायव्हरसकट गाडी ठरवा. जाताना रिक्षा-टॅक्सी मिळते, पण अंधार पडल्यावर गंगापूर धरणाच्या बाजूने परतीला मिळेलच या भरवशावर राहू नका.

मुंबईकरांना सकाळची तपोवन एक्सप्रेस सोयीची. संध्याकाळी तीच गाडी नाशिक रोडहून परत मुंबईला नेते. पंचवटीचं नाव सगळ्यांना तोंडपाठ, पण ती सकाळी नाशिकहून मुंबईला जाते, त्यामुळे या बेताला उलटी पडते. स्वतःच्या गाडीने यायचं तर कसारा घाट आहेच, आणि जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून घाट टाळताही येतो. पुण्याहून अंतर दोनशे किलोमीटरच्या वर. एका दिवसात जाऊन-येऊन करणारे आहेत, पण मी मुक्काम करा म्हणेन.

एकच दिशा धरा

नकाशावर सगळ्या वायनऱ्या 'नाशिक' म्हणून दिसतात आणि तिथेच माणसं फसतात. त्या मुख्यतः तीन वेगवेगळ्या बाजूंना आहेत.

पहिली बाजू गंगापूर धरणाची. सुला, यॉर्क आणि सोमा इथे एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर. सुलाचे संस्थापक राजीव सामंत यांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस इथे शेनिन ब्लां आणि सोविन्यों ब्लां या व्हाइट वाईनच्या द्राक्षांच्या जाती लावल्या, तेव्हा भोवताली सगळा खायच्या द्राक्षांचा मुलूख होता. आज सुला म्हणजे जत्रा आहे, चांगल्या आणि वाईट दोन्ही अर्थांनी. शेजारची यॉर्कही आता सुलाच्याच मालकीची, पण आटोपशीर, आणि तिथून धरणाचं पाणी दिसतं. पहिल्यांदा येणाऱ्यांनी हीच बाजू धरावी.

दुसरी बाजू इगतपुरी तालुक्यातल्या संजेगावची. ग्रोव्हर झांपा आणि व्हॅलोने इथे आहेत. मुंबईहून येताना या आधी लागतात, गर्दी कमी, आणि वाईनबद्दल दोन प्रश्न जास्त विचारायला सवड मिळते. एकदा सुला पाहून झालेल्यांना मी इकडे पाठवतो.

तिसरी दिंडोरीची, जिथे शांदों कंपनीचा स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुडेवाल्या वाईनचा कारखाना आहे. सकाळी दिंडोरी, दुपारी संजेगाव असा बेत आखलात तर वाईनपेक्षा डिझेलच जास्त संपेल.

महिना निवडताना छाटणी लक्षात घ्या

युरोपात द्राक्षं ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये उतरवतात, आपल्याकडे जानेवारी ते मार्चमध्ये. कारण आपला पावसाळा. इथे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पाऊस सरताना गोडी छाटणी. फळ धरतं ते दुसऱ्या छाटणीनंतर, आणि थंडीतल्या गार रात्री मण्यांमधला आंबटपणा टिकवून धरतात. समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीचा फायदा तो हाच.

तेव्हा घड लटकलेले पाहायचे असतील तर जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी. एप्रिलअखेर गेलात तर उघडे खुंट आणि रणरणतं ऊन. जुलै-ऑगस्टमध्ये द्राक्ष एकही नसतं, पण वेल हिरवीगार असते, डोंगर ढगात असतात आणि जेवणाला टेबल लगेच मिळतं. मला स्वतःला पावसाळाच आवडतो, पण पाहुण्यांना घड हवे असतात.

फेब्रुवारीतला शनिवार-रविवार शक्यतो टाळा, मंगळवार-बुधवार उत्तम. आणि एक सापळा: 26 जानेवारी. जोडून सुट्टी येते, हंगाम ऐन भरात असतो, आणि त्या दिवशी ड्राय डे. असे आणखी काही दिवस असतात, निवडणुकीचेही. तारीख पक्की करण्याआधी फोन करून विचारा. त्याच फोनवर वायनरी दाखवण्याच्या वेळा विचारा, जेवणाचं टेबल राखून ठेवा, आणि प्रत्येकाने वय दाखवणारं ओळखपत्र बरोबर घ्या.

सकाळ: मिसळ खायची की नाही?

नाशिकला येऊन मिसळ न खाणं शक्य नाही, आणि गंगापूर रोडच्या परिसरात चुलीवरच्या मिसळीची ठिकाणंही आहेत. पण काळ्या मसाल्याच्या तर्रीने जीभ पेटली की पुढचा तासभर वाईन नुसती आंबट पाण्यासारखी लागते. म्हणून मिसळ नऊच्या आत, तर्री बेताची, वर दही आणि जिलबी. पहिली वायनरी अकराला. रिकाम्या पोटी जाणं त्याहून वाईट. आणि त्या दिवशी अत्तर किंवा सेंट लावू नका, शेजाऱ्याच्याही ग्लासात तुमचाच वास येतो.

पहिली वायनरी: आधी बघा, मग चाखा

आधी कारखाना पाहून घ्या, म्हणजे ग्लासातलं कळायला लागतं. वाईनची द्राक्षं मणी लहान, साल जाड आणि बिया असलेली असतात. सोबतच्याने तोंडात टाकून 'ही कसली द्राक्षं' म्हणायचंच असतं. बहुतेक काळ्या द्राक्षांचाही रस पांढुरकाच निघतो. रेड वाईनचा रंग येतो तो रस सालींसकट आंबवल्यामुळे. स्टीलच्या टाक्या थंड का ठेवतात आणि कुठली वाईन ओक लाकडाच्या पिंपात गेली, हे दोन प्रश्न नक्की विचारा.

टेस्टिंगचा क्रम साधारण असा: स्पार्कलिंग, व्हाइट, गुलाबी रोझे, रेड आणि शेवटी गोड. ग्लास दांड्याला धरा, म्हणजे हाताच्या उबेने वाईन तापत नाही. रंग पाहा, ग्लास हलकेच फिरवा, नाक आत घालून वास घ्या, मग घोट तोंडात घोळवा. सोविन्यों ब्लांमध्ये पेरू किंवा हिरव्या मिरचीचा वास आला तर तो भास नाही, आणि शिराझ या रेड वाईनमध्ये मिरी सापडते. नाही सापडलं तरी बिघडत नाही. 'आवडली' आणि 'नाही आवडली' एवढं लिहून ठेवलं तरी खरेदीच्या वेळी उपयोगी पडतं.

टेबलावर एखादं रिकामं भांडं दिसेल. ती पिकदाणीच. उरलेली वाईन त्यात ओता, हवं तर तोंडातलीही थुंका. जाणकार तेच करतात. भर रस्त्यात बिनदिक्कत थुंकणारे आपण इथे मात्र लाजून सगळं गिळतो.

जेवण: इथे घाई करायची नाही

तिखट आणि रेड वाईन यांचं फार जमत नाही. अल्कोहोलने तिखट आणखी चढतं आणि रेडमधला तुरटपणा जिभेला बोचतो. झणझणीत मागवलंत तर सोबत किंचित गोडसर शेनिन ब्लां घ्या, चांगली गार. तळलेल्या खारट पदार्थांशी स्पार्कलिंगची गट्टी असते. कोथिंबीर वडी किंवा साबुदाणा वड्याबरोबर एकदा घेऊन पाहा, चीज विसराल. शिराझ ठेवायची ती भाजलेल्या मटणासाठी, मसाला बेताचा असेल तर.

प्रत्येक घोटामागे तेवढंच पाणी प्या. घरातले न पिणारे आणि मुलं याच वेळी कंटाळतात, म्हणून टेबल बाहेर बघायला काहीतरी असेल असं मागा. त्र्यंबकेश्वरचं दर्शन याच दिवशी उरकायचा मोह टाळा. आई-आजी बरोबर असतील तर त्र्यंबक दुसऱ्या दिवशी पहाटे, वेगळ्या मनाने करा.

संध्याकाळ आणि बाटल्या

दुसऱ्या वायनरीत पूर्ण टेस्टिंग घेऊ नका. सकाळच्या टिपणात जी आवडली, त्याच जातीची इथली वाईन एक ग्लास मागवा आणि सूर्यास्तापर्यंत बसा. एकाच द्राक्षाच्या दोन घरच्या चवी ताडून पाहण्यातून जे कळतं ते बारा घोटांतून कळत नाही.

खरेदी सगळ्यात शेवटी करा. मार्चच्या उन्हात डिकीत चार तास पडलेली वाईन शिजते. बाटल्या गाडीत पायाशी, सावलीत ठेवा. सापुतारा किंवा पेठमार्गे गुजरातकडे जाणार असाल तर एकही बाटली घेऊ नका, तिथे दारूबंदी आहे आणि नाक्यावर बिल दाखवून सुटका होत नाही. घरी पोचल्यावर व्हाइट आधी उघडा. खास पाहुण्यांसाठी म्हणून ती कपाटात दोन-तीन वर्षं जपून ठेवलीत, तर पाहुण्यांना फिकी वाईन मिळेल.