डिस्चार्जच्या आदल्या दिवशी

"उद्या घरी सोडतो," असं डॉक्टर राउंडला सांगून जातात आणि खोलीतल्या सगळ्यांचे चेहरे उजळतात. तो आनंद मनापासून घ्या. पण त्याच दुपारी एक जाडशी वही आणून ठेवा. मोबाईलमधल्या नोंदी नकोत, कागदाचीच वही हवी, कारण ती घरातल्या कुणालाही, कुठल्याही वेळी उघडता आली पाहिजे. आजपर्यंत ताप बघणं, गोळ्यांच्या वेळा पाळणं, लघवी किती झाली ते टिपणं हे सगळं नर्स आळीपाळीने करत होत्या. उद्या संध्याकाळपासून ते काम तुमचं आहे. माझ्या ताईला कॅन्सरच्या पहिल्या केमोनंतर घरी आणलं तेव्हा आम्ही खोली लख्ख केली, पडदे धुतले, नवी चादर घातली. थर्मामीटरचा सेल संपलाय हे मात्र नवव्या दिवशी, रात्री अडीच वाजता कळलं.

म्हणून सुरुवात थर्मामीटरपासून. डिजिटल घ्या, आजच लावून बघा, आणि जास्तीचा सेल त्याच डबीत ठेवा. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. जंतूंशी लढणारे शिपाईच कमी असल्यामुळे एरवी दिसणारी सूज, लाली, पू यातलं फारसं काही दिसत नाही. बऱ्याचदा ताप हीच एकमेव खूण असते. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा: 38 सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट. ताप तिथे पोचला की सकाळची वाट बघायची नाही, फोन करायचा आणि निघायचं. तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा सांगितला असेल तर तोच लिहा. ताप नसतानाही अंगात हुडहुडी भरली किंवा माणूस अचानक गळून गेला, गोंधळल्यासारखं बोलू लागला, तरी हाच नियम. त्या रात्री शेजाऱ्यांकडून आणलेल्या थर्मामीटरवर 38.4 दिसलं आणि माझा हात सवयीने पॅरासिटामॉलच्या पाकिटाकडे गेला. फोनवरची नर्स म्हणाली, "गोळी नका देऊ, आधी घेऊन या." तापाची गोळी ताप उतरवते, पण संसर्ग तसाच राहतो आणि वरून सगळं ठीक वाटू लागतं. अशा वेळी अँटिबायोटिकचा पहिला डोस हॉस्पिटलमध्ये पोचल्यापासून तासाभरात जावा असा प्रयत्न असतो. त्यातली मिनिटं घरी घालवू नका. एक पिशवी दाराजवळ भरून ठेवा: फाईलच्या प्रती, चालू औषधांची यादी, चार्जर, एक जोडी कपडे, शाल. आम्ही ती नंतर भरली आणि केमोच्या पुढच्या सगळ्या फेऱ्या होईपर्यंत ती तिथेच खुंटीला होती.

आता हॉस्पिटल सोडण्याआधीचं. डिस्चार्ज समरी हातात पडली की गाडीत बसून नाही, वॉर्डमध्येच वाचा. कोणती औषधं नवी, कोणती बंद, आणि बीपीच्या किंवा शुगरच्या जुन्या गोळ्यांचं काय करायचं, हे तोंडी सांगितलेलं पुरत नाही. मळमळीसाठी स्टिरॉइड दिलं असेल तर त्याने शुगर वाढू शकते आणि रात्रीची झोपही उडते. म्हणून ते सकाळी घेतलं तर चालेल का, हे विचारून घ्या. स्टिरॉइडचा कोर्स लांबचा असेल तर ते एकदम बंद करायचं नसतं, हेही लिहून ठेवा. बायोप्सीचा कुठला रिपोर्ट यायचा बाकी आहे, तो कधी येईल आणि कुणाकडून घ्यायचा? पुढची तारीख कोणती, त्याआधी रक्त कधी तपासायचं? रात्री कुठल्या नंबरवर फोन करायचा? हा नंबर घेतल्यावर तिथूनच एकदा लावून बघा.

जखमेचं ड्रेसिंग, ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी), पिक लाइन (औषधासाठी दंडाच्या शिरेत घातलेली बारीक नळी), पोर्ट (औषधासाठी कातडीखाली बसवलेली छोटी डबी) यातलं काहीही घरी येणार असेल तर नर्सला सांगा, "आज मी करतो, तुम्ही फक्त बघा." नुसतं बघून शिकलेलं घरी आल्यावर आठवत नाही. ड्रेन रिकामा करताना किती मिली निघालं आणि रंग कसा होता, हे वहीत रोज लिहायचं. लाइनच्या जागी लाली, दुखणं, गळती दिसली तर कळवायचं. अंघोळीच्या वेळी ती जागा कोरडी कशी ठेवायची, हेही तिथेच करून बघा.

घराची तयारी त्या मानाने सोपी. रुग्णाची खोली संडास-बाथरूमच्या जवळ हवी. वाटेत पायात येणारी पायपुसणी आणि वायरी उचला, रात्री मंद दिवा राहू द्या, बाथरूममध्ये खुर्ची किंवा स्टूल ठेवा आणि धरायला काहीतरी पक्कं असू द्या. हाक मारली तर ऐकू जाईल ना, हे दार लोटून एकदा तपासा. छोटी घंटा असली तर उत्तम. अशक्त माणसाचा आवाज आपल्याला वाटतो त्यापेक्षा खूप बारीक झालेला असतो.

केमो नुकतीच झाली असेल तर साधारण 48 तास औषधाचा अंश लघवी, शौच, उलटी यांतून बाहेर पडत असतो. त्या काळात साफसफाई हातमोजे घालून करा. कमोडचं झाकण लावून दोनदा फ्लश करा. खराब झालेले कपडे वेगळे धुवा. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम तिच्याकडे नको. रुग्णाला मात्र हे नीट समजावून सांगा, नाहीतर हातमोजे बघून त्याला वाटतं की आता मला हात लावायलाही लोक घाबरतात. जवळ बसणं, हात धरणं, मिठी मारणं यात काहीच धोका नाही. कॅन्सर स्पर्शाने पसरत नाही, हे घरातल्या लहान मुलांनाही स्पष्ट शब्दांत सांगायला हवं.

दुखण्याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण घरोघरी इथेच चूक होते. "अगदीच सहन झालं नाही तर गोळी घे," असं आपण मायेपोटी म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 साली कॅन्सरच्या वेदनेसाठी जी पद्धत सांगितली, तिचा एक पाया असा की औषध घड्याळाप्रमाणे द्यायचं, दुखायची वाट बघायची नाही. वेदना एकदा डोक्यावर चढली की तिला खाली आणायला जास्त औषध लागतं. ठरलेल्या डोसच्या मध्येच कळ आली तर काय द्यायचं, हेही डॉक्टरांकडून लिहून घ्या. मॉर्फिनच्या नावाने घाबरू नका, पण त्यासोबतची दोन कामं विसरू नका. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सुरू हवं, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठता जवळजवळ ठरलेलीच असते. आणि हळूहळू विरघळणारी गोळी मोडायची किंवा कुटायची नाही, कारण तसं केलं तर सगळं औषध एकदम अंगात जातं. गोळ्या कुलपात ठेवा. वेदना नुसती अंगाला नाही, मनालाही होते, हे ओळखणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर. त्यांनी 1967 मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारं केंद्र, सुरू केलं. वेदना शरीराची असते तशी मनाची, नात्यांची आणि श्रद्धेचीही असते, असं त्या सांगत. गोळी वेळेवर देऊनही माणूस तळमळत असेल तर त्याच्याजवळ बसून विचारा, नेमकं काय सलतंय.

काही खुणांना मात्र थांबायचं नसतं. पाठीत नव्याने जोराचं दुखणं, सोबत पाय लटपटणं किंवा लघवीवरचा ताबा सुटणं. एकाच पायाला सूज. अचानक धाप लागणं. न थांबणारं रक्त. दिवसभर पाणीसुद्धा पोटात न टिकणं. या ओळी तापाच्या आकड्याखाली लिहा.

खाण्यावरून घरात सर्वांत जास्त भांडणं होतात. आपण प्रेमाने ताट भरतो, त्याला वासानेच ढवळून येतं, आपल्याला वाईट वाटतं आणि त्याला अपराधी. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या. गरम पदार्थाचा वास नको होत असेल तर गार करून द्या. तोंडात धातूची चव येत असेल तर स्टीलऐवजी प्लास्टिकचा चमचा वापरून बघा. मळमळीचं औषध उलटी सुरू होण्याआधी द्यायचं असतं. तोंड आलं असेल तर मऊ ब्रश आणि कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, अल्कोहोल असलेला माउथवॉश नको. पांढऱ्या पेशींचा काउंट कमी असताना कच्चं-अर्धकच्चं आणि बाहेर पडून राहिलेलं टाळा. कुणीही सांगितलेला काढा, पावडर, जडीबुटी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका, कारण काही वनस्पती केमोच्या औषधाचा परिणाम कमी-जास्त करतात. आणि नाही खाल्लं एखाद्या वेळी, तर ताट शांतपणे उचला.

थकवा बाहेरून दिसत नाही, पण तो झोपून भरूनही निघत नाही. "दिवसभर पडूनच तर आहेस" हे वाक्य घरात कुणाच्याही तोंडून येऊ देऊ नका. डॉक्टरांची हरकत नसेल तर रोज थोडं चालल्याने हा थकवा कमी होतो, म्हणून खोलीतल्या खोलीत का होईना, हात धरून चार फेऱ्या मारा.

भेटायला येणाऱ्यांचं एका माणसाकडे सोपवा. सर्दी-खोकला असलेल्याला तो दारातूनच नम्रपणे परत पाठवेल, वेळ ठरवेल आणि तोच सगळ्यांना खुशाली कळवेल. नाहीतर दहा जणांना तेच ते सांगताना रुग्णाचा आणि तुमचा दोघांचाही दिवस जातो. बोलताना "काही होत नाही, खंबीर राहा" असं म्हणायचा मोह सगळ्यांनाच होतो. ताईला त्याचा सगळ्यात जास्त त्रास झाला. त्यानंतर तिला आपली भीती कुणापाशी बोलता येईना. "भीती वाटतेय का?" इतकंच विचारून गप्प बसलात तरी पुष्कळ आहे.

पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या सेवेचं, नाव काढलं की घरच्यांना वाटतं, डॉक्टरांनी हात टेकले. तसं नाही. 2010 मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या ज्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून ही सेवा मिळाली, त्यांचे दिवस बरे गेले, उदासी कमी राहिली, आणि ते सरासरीने जगलेही जास्त. म्हणून ही सेवा मिळते का, हे डिस्चार्जच्या वेळीच विचारून ठेवा.

आणि तुमचं स्वतःचं. रात्रीची पाळी दोघांत वाटा, एकटे असाल तर आठवड्यातून निदान दोन रात्री कुणाला तरी बोलवा. "काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्याला लगेच नेमकं काम द्या: गुरुवारी रक्त तपासायला तू ने, बुधवारची औषधं तू आण. लोकांना खरंच मदत करायची असते, फक्त काय करू ते सुचत नाही.

वहीचं शेवटचं पान कोरं ठेवा आणि पेन रुग्णाच्या हातात द्या. ताईने तीन ओळी लिहिल्या होत्या. माझ्याबद्दल बोलायचं ते माझ्यासमोर बोला. पेपर आधी मला. झाडांना पाणी मीच घालणार. पहिल्या दोन ओळी त्याच दिवसापासून पाळल्या. तिसरीसाठी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, माती उकरायची नाही, हातमोजे घालायचे, पाणी घालायला हरकत नाही. मग लहानात लहान झारी आणली आणि ती रोज अर्धीच भरून तिच्या हाताशी ठेवू लागलो.