हट्ट, मोबाइल आणि घरातली चार माणसं

मूल मोबाइलसाठी जमिनीवर लोळतंय. बाबा ओरडतात, आई समजावते आणि आज्जी पदराआडून मोबाइल पुढे सरकवते. कर्नाटकातल्या मराठी सीमाभागात, निपाणी-खानापूरकडच्या एकत्र कुटुंबांत असं चित्र सर्रास दिसतं. मुलाला यातून एकच धडा मिळतो: पुरेसा वेळ रडलं की कोणीतरी पाघळतंच.

1960 च्या दशकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी पालकत्वाच्या तीन पद्धती मांडल्या. 1983 मध्ये मॅकोबी आणि मार्टिन या मानसशास्त्रज्ञांनी चौथी जोडली. यात मोजमाप दोनच गोष्टींचं: मुलाकडून अपेक्षा किती आणि त्याला माया, प्रतिसाद किती. नुसता धाक असेल तर मूल समोर ऐकतं, पण लपवायला शिकतं. नुसते लाड केले तर मनाला आवर घालणं जमत नाही. दोन्ही नसतील तर सगळ्यात जास्त नुकसान होतं. माया भरपूर आणि नियम ठाम, अशा घरांतली मुलं सरासरीने अभ्यासात आणि वागण्यात सावरलेली दिसतात. अर्थात मुलाचा मूळ स्वभावही पालकांना घडवतो. हट्टी मुलाच्या आईवडिलांचा आवाज आपोआप चढतो. म्हणून सगळा दोष स्वतःच्या माथी घेऊ नका.

सुरुवात एकाच नियमाने करा. मूल झोपल्यावर घरातली मोठी माणसं एकत्र बसा. आज्जी-आज्जांना हुकूम सोडू नका, त्यांचं मत आधी विचारा; न विचारता केलेला नियम दुसऱ्याच दिवशी मोडतो. 2 ते 4 वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त 1 तास स्क्रीन, त्याहून कमी तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं आहे. संध्याकाळची अर्ध्या तासाची एकच वेळ ठरवा. संपायच्या 5 मिनिटं आधी सांगा, वेळ झाली की मोबाइल घ्या आणि लगेच दुसरं काम हातात द्या: चिरमुऱ्याच्या वाटीत शेंगदाणे मिसळणं, देवापुढची फुलं लावणं.

रडू येणारच. जवळ बसा, "राग आलाय ना, कळतंय मला" एवढंच म्हणा, पण मोबाइल देऊ नका. पहिले काही दिवस रडणं कमी होण्याऐवजी वाढतं आणि बहुतेक घरं नेमकी तिथेच हरतात. विसाव्या मिनिटाला मोबाइल दिला तर मूल उद्या वीस मिनिटं रडण्याच्या तयारीनेच येतं. कधी मिळतो, कधी नाही, अशाने हट्ट सर्वात चिवट होतो. एखाद्या दिवशी धीर टिकणार नाही असं वाटलं, तर त्या दिवशी आधीच जास्त वेळ जाहीर करा. रडल्यावर देऊ नका. चापट मारली तर मूल त्या क्षणी गप्प होतं, पण शिकतं एवढंच की मोठ्याने लहानाला मारायचं असतं.

सीमाभागात आणखी एक गोष्ट जपायला हवी. घरात मराठी, शाळेत आणि बाजारात कन्नड. मूल एकाच वाक्यात दोन्ही भाषा मिसळतं तेव्हा त्याचा गोंधळ उडालेला नसतो. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांचं ते नेहमीचं बोलणं आहे. "नीट एकाच भाषेत बोल" म्हणून टोकलं तर मूल बोलणंच कमी करतं. तुम्ही तेच वाक्य सरळ मराठीत म्हणा आणि गप्पा पुढे चालू ठेवा.

कन्नडचे गुण कमी आले की रागावणारे पालक पुष्कळ, आणि त्यांतल्या अनेकांना स्वतःला ती लिपी वाचता येत नाही. तरी मदत करता येते. रोज 15 मिनिटं धडा मोठ्याने वाचून घ्या आणि "याचा अर्थ मला सांग" म्हणा. मूल शिकवणारं होतं आणि तुम्ही शिकणारे. अडलेला शब्द शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या काकूंना विचारायला त्यालाच पाठवा.