आधी धू, मग दिसेल

आम्हा ख्रिस्ती मंडळींची शुक्रवारची प्रार्थना नाशिकच्या सातपूरला आमच्या घरी असते. सगळे निघाले की एखादा तरुण मागे रेंगाळतो आणि हळूच विचारतो, "मावशी, देवानं मला काय करायला ठेवलंय ते दिसतच नाही. किती दिवस उपास धरू?" मी त्याला दिवस सांगत नाही. मेनरोडवरून दोनशे पानी वही आण, म्हणते. त्या वहीचं काय करायचं ते इथे लिहिते. मला हे पन्नाशीनंतर कळलं, आणि त्या उशिराची झळ दुसऱ्याच कुणाला लागली.

नऊ वर्षांपूर्वी आम्ही सात जणींनी अशोकनगरला एक खोली भाड्याने घेतली. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या सभेत पाहिलेली पद्धत जशीच्या तशी उचलली: दारावर फ्लेक्स, हप्त्यावर साउंड सिस्टीम, वर्षाला किती कुटुंबं जोडायची त्याचा तक्ता. तक्त्यावर 'देवाने दिलेली दृष्टी' असं ठळक लिहिलं होतं. ती आम्ही एका दुपारी बसून ठरवली होती. अकरा महिन्यांत खोली सुटली, हप्ते मागे राहिले. ते फेडले. पण त्याच काळात आमच्या गल्लीत एक विधवा बाई दोन लेकरांना घेऊन राहत होती, आणि सभांच्या धावपळीत आमच्यातली एकही तिच्या दारात गेली नाही. अनाथ आणि विधवांचा समाचार घ्या, हे बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात आहे. त्यासाठी वेगळा दृष्टांत लागत नव्हता. ती घर रिकामं करून गेली, त्यानंतर आम्हाला तिचं नाव कळलं.

तेव्हापासून बायबलच्या २ शमुवेल या पुस्तकाचा ६ वा अध्याय मी पुन्हा पुन्हा वाचते. दावीद राजा कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, आणायला निघाला. मन चांगलं, गाणं-वाजवणं भरपूर, गाडी कोरी करकरीत. पण गाडीची कल्पना आली कुठून? १ शमुवेल ६ पाहा. कोश परत पाठवताना नवी गाडी केली होती ती इस्राएलाच्या शत्रूंनी, पलिष्ट्यांनी. देवाचं सांगणं गणना या पुस्तकाच्या ७ व्या अध्यायात आधीच लिहिलेलं होतं: देवाच्या सेवेला ठेवलेल्या लेव्यांपैकी गेर्षोनाच्या आणि मरारीच्या वंशजांना गाड्या आणि बैल, पण कहाथाच्या वंशजांना एकही नाही, कारण पवित्र वस्तू त्यांनी खांद्यावरून न्यायच्या होत्या. वाटेत बैल अडखळले, गाडी हाकणाऱ्या उज्जानं कोशाला हात लावला आणि तो तिथेच मेला. तीन महिने कोश ओबेद-अदोमाच्या घरी राहिला. त्यानंतर दावीदानं आणखी भक्कम गाडी बनवली नाही. १ इतिहास १५ मध्ये तो लेव्यांना सांगतो की आपण नेमाप्रमाणे देवाला शोधलं नव्हतं. मग कोश दांड्यांवर, माणसांच्या खांद्यांवर निघतो. आमची साउंड सिस्टीम म्हणजे ती गाडी होती.

आता वही. इस्राएलाच्या राजानं गादीवर बसल्यावर नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून घ्यावी आणि आयुष्यभर वाचावी, असं बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या १७ व्या अध्यायात आहे. राजाला जे सांगितलं ते आपणही करू. मत्तय ५ ते ७, म्हणजे डोंगरावरचं प्रवचन, हातानं उतरवून काढा. नाशिकला शिकलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांना रेल्वेत एका सहप्रवाशानं नवा करार दिला, तेव्हा याच प्रवचनानं त्यांना धरून ठेवलं. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तीन अध्यायांत मिळून १११ वचनं आहेत. रोज चार लिहिली तर अठ्ठावीस दिवसांत होतात. घाईनं जास्त लिहू नका. उजव्या पानावर वचन लिहा, लिहिताना मोठ्यानं वाचा, डावं पान कोरं ठेवा. मग जिथे प्रभू येशू 'कर' किंवा 'करू नको' म्हणतो, तेवढेच शब्द अधोरेखित करा. मोबाइलवर वाचताना हे शब्द माझ्या डोळ्यांखालून नुसते सरकून जायचे. पेन हातात असलं की तिथे थांबावं लागतं.

डाव्या पानावर त्या दिवशी एकच ओळ लिहायची: यातलं मी आज संध्याकाळपर्यंत काय करणार. 'जास्त प्रेम करीन' असलं काही लिहू नका. कुणाकडे, कधी, काय, हे लिहा. सर्वांत अवघड काम आज इथेच आहे, म्हणून माझंच सांगते. ५:२३-२४ लिहिताना, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपुढे ठेवून आधी त्याच्याशी समेट कर, या ओळीवर माझा हात थांबला. सिन्नरच्या जाऊबाईंशी जमिनीच्या वाटणीवरून सहा वर्षं बोलणं नव्हतं. महामार्ग स्टँडवरून एसटी धरली. त्यांनी मला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, पाणी मात्र बाहेर आणून दिलं. मी माफी मागितली आणि परतले. मोहदरी घाट उतरताना मला पहिल्यांदा दिसलं की त्या भांडणात पहिला कडू शब्द माझा होता. सहा वर्षं मी तो विसरून बसले होते. मत्तय ७:५ मध्ये प्रभूनं क्रम सांगूनच ठेवलाय: आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग तुला स्पष्ट दिसेल.

योहान ९ मधल्या आंधळ्याचं बघा. प्रभूनं त्याच्या डोळ्यांना चिखल लावला आणि शिलोह तळ्यावर जाऊन धू म्हणाला. तळ्यापर्यंतची सगळी वाट तो आंधळाच होता. चिखलानं माखलेल्या डोळ्यांनी, लोक बघत असताना, चाचपडत गेला. तुम्हाला अजून काही दिसत नसेल तर तुम्ही त्या वाटेवर असाल; मागे फिरू नका.

योजना करूच नका, असं माझं म्हणणं नाही. येशूचा प्रेषित पौल, त्यानंही बेत केले होते. आशियात आणि बिथुनियात त्याला अडवलं गेलं, आणि मग त्रोवसात मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टांत झाला. योजना वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहा. चर्चच्या पाळकांना जरूर दाखवा, पण त्यांच्या होकारावर थांबू नका. मंदिर बांधायच्या दावीदाच्या विचाराला नाथान संदेष्ट्यानंही आधी होकारच दिला होता. त्याच रात्री देवानं त्याला वेगळं सांगितलं.

स्वप्न पडलं, कुणी तुमच्यासाठी संदेश आणला, तर पौलाचं बोलणंही शास्त्राशी ताडून पाहणाऱ्या बिरुयाच्या लोकांसारखं शास्त्रात शोधून पाहा. डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन धरायचं, हे कृपा करून करू नका. आणि स्वप्नाच्या भरवशावर गोळ्या बंद करणं, नोकरी सोडणं, घर विकणं तर मुळीच नाही.

अठ्ठावीस दिवसांनंतर अर्धवटच दिसलं तर? बेथसैदाच्या आंधळ्याला पहिल्या स्पर्शानंतर माणसं चालत्या झाडांसारखी दिसली. त्यानं ते खरं खरं सांगितलं, आणि प्रभूनं पुन्हा हात ठेवले. तुम्हीही जेवढं दिसतंय तेवढंच सांगा. मग याकोबाचं पत्र घ्या; पाच अध्याय आहेत आणि प्रत्येकात करायला काही ना काही सापडतं.

मागे रेंगाळलेला तो तरुण गेल्या शुक्रवारी वही घेऊन आला. उजव्या पानावर पाचव्या अध्यायाची चोवीस वचनं, अक्षर लहान मुलासारखं जपून काढलेलं. डाव्या पानावर एक ओळ होती: 'दादाला फोन, रात्री आठ.' साडेसात वाजले होते. मी त्याला चहासाठी थांबवलं नाही.