तुराट्या, कापूस आणि एक टॉर्च: अंगणातली स्वस्त भुतं

हॅलोविन ३१ ऑक्टोबरला. तोवर मराठवाड्यात सोयाबीन निघालेलं असतं, कापसाची वेचणी सुरू असते आणि गणपतीच्या मखराचे जिलेटिन कागद माळ्यावर पडून असतात. एवढ्यावर अंगण सजतं. प्लास्टिकचे सांगाडे विकत आणू नका. दिवसा ते खेळणी वाटतात, रात्री दिसत नाहीत.

आधी उजेड ठरवा. अंगणातला मोठा दिवा बंद. भिंतीपासून ६ फुटांवर, जमिनीलगत एकच छोटा टॉर्च ठेवा आणि टॉर्चपासून २ फुटांवर पुठ्ठ्याचा फूटभर उंचीचा पंजा उभा करा. भिंतीवर ३ फुटी सावली पडेल. पुठ्ठा टॉर्चकडे सरकवला की ती आणखी वाढते. कडा धूसर आल्या तर उजेडाचं तोंड रुंद आहे असं समजा. ट्यूबलाइट किंवा दुधी बल्ब इथे कामाचा नाही, मोबाइलचा टॉर्च उत्तम. तोंडावर हिरवं जिलेटिन लावायचं तर एकच पदर, दोन लावले तर उजेडच मरतो.

उभं भूत म्हणजे बुजगावणंच. ७ फुटी बांबू उभा, ४ फुटी आडवा, वरच्या टोकापासून सव्वा फूट खाली. सुतळी नुसती गोल गुंडाळली तर आडवा बांबू फिरतो आणि हात लोंबतात. दोन्ही तिरप्या बाजूंनी फुलीसारखे चार-चार वेढे द्या, मग दोन बांबूंच्या मधून त्याच वेढ्यांवर दोन आवळ फेरे मारून गाठ. हाताच्या टोकांना पाच-पाच तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) कमी-जास्त लांबीच्या बांधा. कापडाच्या बोटांपेक्षा त्या कितीतरी भेसूर दिसतात. डोक्याला गोणपाटाच्या तुकड्यात सोयाबीनचं भुसकट, पण दाबून भरू नका. डोकं जड झालं की वाऱ्यात सगळं हलतं.

काळ्या जमिनीत खरी अडचण रोवण्याची. पाऊस ओसरून ऊन पडलं की ही जमीन आकसते, बांबूभोवती फट पडते आणि काल ताठ असलेलं भूत आज शेजाऱ्याच्या कुंपणावर रेललेलं असतं. दीड फूट खड्डा घ्या, काढलेली माती परत टाकू नका, मुरूम आणि दगड ठोकून भरा. फरशी असेल तर १५ किलोच्या तेलाच्या रिकाम्या डब्यात बांबू धरून ओली वाळू भरा.

अंगावर जुनं धोतर. कोरं पांढरं नको: ३ लिटर पाण्यात ४ चमचे चहा पावडर उकळून, गाळून त्यात अर्धा तास भिजवा आणि न पिळता वाळवा, म्हणजे डाग वेडेवाकडे उतरतात. खालचा काठ कात्रीने कापू नका, हाताने फाडा.

कोळ्याच्या जाळ्यांसाठी कापूस. सरकी काढलेला मूठभर पुरे. सगळे इथेच चुकतात. जाड लावला की फाटलेली गादी दिसते. पलीकडचं दिसेपर्यंत ताणायचा आणि बाभळीच्या फांदीवर टाकायचा, काटेच धरून ठेवतात, डिंक लागत नाही. पाऊस लागला तर गोळे होतात, म्हणून जाळी शेवटच्या दिवशी दुपारी. कापूस, तुराट्या आणि गोणपाट यांच्याजवळ पणती ठेवायची नाही, कितीही छान दिसली तरी. बॅटरीवरचे दिवेच वापरा; लोडशेडिंगमध्येही तेच टिकतात.

कंदिलासाठी रंगाचा रिकामा डबा. ओली वाळू ठासून भरा, मग कागदावर काढलेला भुताचा चेहरा बाहेरून चिकटवून २ इंची खिळ्याने सेंटिमीटरभर अंतराने भोकं पाडा. वाळू नसेल तर पत्रा चेपतो.

लाल भोपळा कोरायचाच असेल तर वरून नाही, बुडातून कापून उघडा. सुकताना वरचं झाकण आत घसरतं. बुडातून कापला की दिव्यावर नुसता पालथा ठेवता येतो. आतला गर इंचभर भिंत राहीपर्यंत खरवडा. आपल्या उन्हात कोरलेला भोपळा दोन-तीन दिवसांत नरम पडतो, त्यामुळे ३० तारखेच्या संध्याकाळी कोरा. निघालेल्या गराचे त्याच रात्री घारगे करता येतात.