सियागंजची शिकवणी: किराणा लाइनमध्ये येणाऱ्यांसाठी

बी.कॉम. होऊन मी एका डिस्ट्रिब्यूटरकडे सेल्समन म्हणून लागलो, तेव्हा आजीने विचारलं, "म्हणजे आता साबण विकणार?" हो. साबण, बिस्किटं, शांपूच्या लड्या. इंदुरात रामबाग ते राजवाडा हे माझं बीट, म्हणजे फेरीचा भाग.

आधी साखळी समजून घ्या. कंपनीचा माल सीएनएफच्या, म्हणजे कंपनीचा माल साठवून पुढे पाठवणाऱ्या एजंटच्या गोदामात उतरतो, तिथून डिस्ट्रिब्यूटरकडे, मग दुकानात. डिस्ट्रिब्यूटरला शेकडा चार-पाच रुपये सुटतात, दुकानदाराला साधारण आठ-दहा. कंपनीने डिस्ट्रिब्यूटरला दिलेला माल म्हणजे प्रायमरी, आपण दुकानात दिलेला सेकंडरी. महिनाअखेरीला प्रायमरीने गोदाम भरतं आणि ते रिकामं करायला आपल्याला पिटाळतात. अशाच एका तीस तारखेला मी रामबागेतल्या एका सेठजींच्या गळ्यात बिस्किटांच्या बारा पेट्या मारल्या. काही महिन्यांनी त्यांनी फळीवरचे पुडे काढून काउंटरवर रचले, तारखेवर बोट ठेवलं. "ये तेरे घर ले जा." कंपनीने एक्सपायरी परत घेतली नाही. पुढचा महिनाभर त्या दुकानात मला एक ओळीची ऑर्डर मिळाली नाही.

सुट्या मालाची तऱ्हाच वेगळी. डाळ, साखर, मसाले सियागंजातून, म्हणजे इंदूरच्या घाऊक किराणा बाजारातून येतात, त्यावर एमआरपी नाही. साबण-बिस्किटं गिऱ्हाईक दुकानात आणतात, पण दुकानदार कमावतो तो डाळीवर. त्यामुळे त्याने आपल्या स्कीमकडे ढुंकून पाहिलं नाही तर रुसू नका. जुलै २०२२ मध्ये २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबलवाल्या धान्यावर ५ टक्के जीएसटी लागला आणि बाजारात २६ किलोची पोती दिसू लागली. ज्याला हे सुचलं त्याला दंडवत!

डीमार्टसारखे मोठे खरेदीदार थेट कंपनीकडून माल उचलतात. कधी त्यांचा विक्रीभाव आपल्या दुकानदाराच्या खरेदीभावाहून खाली असतो. तो बिल आपल्या नाकासमोर धरतो. वाद घालू नका, त्याचं बरोबर असतं. तरी गल्लीतलं दुकान चालतं, कारण तिथे वही आहे. गिऱ्हाइकाला महिन्याची उधारी, आणि आपल्याशी बिल टू बिल: नवा माल उतरला की जुन्याचे पैसे. वसुली अडकली की डिस्ट्रिब्यूटरचा फोन आपल्यालाच येतो.

त्या सेठजींकडे मी अजून जातो. आधी फळीवरचे पुडे मोजतो, मग ऑर्डर विचारतो. तरी ते म्हणतातच, "भिया, पेले तारीख दिखा."